पाच आठवड्यांची रजा आणि हिरवा क्रूस

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पॅरिसच्या एखाद्या मध्यमवर्गीय वस्तीतून पायी हिंडणाऱ्या परक्या माणसास, या शहरावर काही अरिष्ट येऊन रहिवासी घरेदारे टाकून निघून गेले असावेत की काय, अशी शंका आली तर त्यात नवल नाही. पाववाल्याच्या, खाटकाच्या, चांभाराच्या दुकानांचे लोखंडी पडदे खाली ओढलेले असतात. त्यांवर हाताने लिहिलेला एक कागद डकवलेला असतो, आणि दुकान कोणत्या तारखेस बंद झाले व कोणत्या तारखेस पुन्हा उघडेल एवढाच मजकूर, दिलगिरीचा एकही शब्द न घालता, त्यावर लिहिलेला असतो. औषधालयाच्या दारावरील कागदात मात्र एक ओळ अधिक असते : आसपासचे कोणते औषधालय पाळीवर उघडे आहे व ते कोठे आहे. ही ओळ सौजन्यापोटी आलेली नाही. औषधविक्रेत्यांनी पाळी लावून सेवा चालू ठेवावी आणि ती कोठे मिळेल हे लोकांस कळवावे, असा तेथील दंडकच आहे. पाववाल्यांनाही पॅरिसात २०१४ पर्यंत अशीच शिस्त होती. सगळे भट्टीवाले एकाच वेळी समुद्रावर गेले तर शहर पावावाचून राहील, म्हणून कोणी जुलैत जावे व कोणी ऑगस्टात, याची वाटणी सरकारदरबारी होत असे.

गेल्या काही दशकांत फ्रेंच उन्हाळी सुट्टी आणि फ्रेंच औषधालयातील त्वचालेप या दोन गोष्टींची सांगड जगभरच्या सौंदर्यमासिकांनी व व्यापाऱ्यांनी अशी काही घालून दिली आहे की, ऑगस्टअखेर समुद्रकिनाऱ्यावरून परतणारी, किंचित रापलेली, घाईगर्दी विसरलेली, पिशवीत दोन-तीन साध्या नळ्यांखेरीज काहीही न बाळगणारी फ्रेंच स्त्री ही एक आदर्श मूर्ती होऊन बसली आहे. आणि त्या मूर्तीचे रहस्य नळ्यांत आहे अशी समजूत करून घेऊन परदेशी प्रवासी पॅरिसमधील र्यू द्यु फूर रस्त्यावरील प्रसिद्ध औषधालयापुढे टोपल्या घेऊन रांगा लावू लागले आहेत. त्यांत मुंबई-पुण्याचे मराठी प्रवासीही पुष्कळ आढळतात. या प्रसन्न पुनरागमनात नळीचा वाटा किती, उन्हाचा किती आणि कायद्याचा किती, याचा हिशेब मांडून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. हिशेबाअंती कायद्याच्या खात्यावर सर्वांत मोठी रक्कम जमा होते, असे माझे मत आहे.

रजा ही फ्रान्समध्येदेखील मूळची सर्वांची नव्हती. सरकारी नोकरांस तिसऱ्या नेपोलियनच्या १८५३ च्या फर्मानाने पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. धनिकांस रजेची गरजच नव्हती. आणि कारखान्यातील मजुरास सुट्टी म्हणजे बेकारी, एवढाच त्या कल्पनेचा परिचय होता. १९३६ च्या वसंतात डाव्या पक्षांची आघाडी निवडणूक जिंकून सत्तेवर येत असतानाच देशभर संपांची लाट उसळली. कामगारांनी कारखाने सोडून न जाता आत ठाण मांडले, यंत्रांशेजारी रात्री काढल्या, आणि लेओं ब्लूम यांच्या मंत्रिमंडळास पहिल्याच आठवड्यात मालक व मजूर यांच्यात तह घडवून आणावा लागला. त्याच जूनच्या २० तारखेस जो कायदा झाला त्याने, वर्षभर नोकरी केलेल्या प्रत्येकास दोन आठवड्यांची भरपगारी रजा हक्काने दिली. पण रजा हाती पडली म्हणजे माणूस प्रवासास निघतोच असे नाही. गाडीचे भाडे कोठून आणावयाचे? ही अडचण ओळखून क्रीडा व विरंगुळा खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वे कंपन्यांकडून ४० टक्के सवलतीचे तिकीट मंजूर करून घेतले, आणि त्या पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे ६ लाख माणसांनी त्याचा लाभ घेतला. त्यांपैकी कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. कोणी दोघांची सायकल भाड्याने घेऊन निघाले, कोणी तंबू पाठीवर टाकला. पुष्कळजण केवळ गावाकडील आजीच्या घरी जाऊन आले. आपल्या राखीव किनाऱ्यांवर टोपीवाले मजूर उतरलेले पाहून प्रतिष्ठित वर्गाने व त्यांच्या वृत्तपत्रांनी नाके मुरडली, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे तिसरा आठवडा १९५६ साली, चौथा १९६९ साली व पाचवा १९८२ साली आला. रेनो मोटार कारखान्याने तिसरा १९५५ मध्ये आणि चौथा १९६२ मध्ये आपल्या कामगारांस आधीच देऊन ठेवला होता, आणि कायदा मागाहून त्याच वाटेने गेला. तथापि माझ्या दृष्टीने संख्येपेक्षाही महत्त्वाचे असे एक कलम तेथील श्रमसंहितेत आहे, ज्याकडे परदेशी कौतुककर्त्यांचे लक्ष क्वचितच जाते. मुख्य रजेपैकी निदान १२ कामाचे दिवस, मे ते ऑक्टोबर या मुदतीत, सलग घेतले गेले पाहिजेत. रजेचे तुकडे पाडून ती लग्नकार्यांत, आजारपणांत आणि बँकेच्या खेपांत उधळून टाकण्याची मुभा फ्रेंच नोकरासही पूर्णपणे नाही. आपल्याकडील १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारास कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस रजा ठरवून दिली, म्हणजे वर्षाकाठी साधारण तेवढीच जेवढी ब्लूम यांनी १९३६ साली दिली होती. आणि ती सलग घ्यावी असा आग्रह मात्र आपल्याकडे ना मालकाने धरला, ना मजुराने.

सुट्टीचा हा हक्क अमलात आणताना फ्रेंचांनी त्याचाही एक शासकीय बंदोबस्त उभारला. जुलैत जाणारे व ऑगस्टात जाणारे अशा दोन जमातीच तेथे आहेत, जुईयेतिस्त आणि आउसियँ, आणि महिन्याच्या संधीच्या शनिवारी परतणारे व निघणारे यांची रस्त्यांवर जी टक्कर होते ती दरसाल बातमीचा विषय असते. १९७५ च्या ऑगस्टारंभी शेकडो किलोमीटर मोटारी अडकून पडल्या, तेव्हा पुढच्याच वर्षी सरकारने ‘बिझों फुते’ नावाचा एक चतुर आदिवासी, चित्रातला, लोकांच्या सेवेस नेमला. कोणत्या दिवशी निघू नये हे तो हिरव्या, नारिंगी, लाल व काळ्या रंगांत सांगतो. लोक त्याचे ऐकतात आणि तरीही काळ्या शनिवारीच निघतात.

या चित्राची काळी बाजू झाकून ठेवली तर आढाव्यास अर्थ उरणार नाही. सुमारे ४० टक्के फ्रेंच माणसे एखाद्या वर्षात सुट्टीसाठी घराबाहेर पडतच नाहीत, आणि ‘सकूर पोप्युलेर’ ही संस्था १९७९ पासून दर ऑगस्टात सुट्टीस मुकलेल्या मुलांना एक दिवसासाठी समुद्रावर नेते. २००३ च्या ऑगस्टात तर सुट्टीच्या या सार्वत्रिकतेनेच घात केला. पहिल्या वीस दिवसांत उष्म्याने सुमारे १५ हजार माणसे दगावली, बहुतेक वृद्ध, पुष्कळशी एकटी. मुले-सुना सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, डॉक्टरांपैकी कित्येक सुट्टीवर, आणि आरोग्यमंत्री आपल्या सुट्टीच्या घराच्या बागेतून, गळपट्टी न लावता, दूरचित्रवाणीवर निर्धास्तपणे बोलताना राष्ट्राने पाहिले. त्या लाजेतून पुढील वर्षी जो उपाय निघाला तो मोठा मासलेवाईक आहे : वृद्धांच्या शुश्रूषेसाठी निधी उभारण्याकरिता एका सणाची सुट्टी रद्द करून त्या दिवशी बिनमोबदला काम करण्याचा कायदा करण्यात आला. सुट्टीने केलेल्या पापाचे प्रायश्चित्त सुट्टीनेच घ्यावे, असा हा विचार.

आता उन्हाकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील सुखवस्तू युरोपीय स्त्री छत्रीवाचून उन्हात जात नसे, कारण रापलेली कातडी ही शेतमजुरीची खूण होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात मजूर कारखान्यांच्या छपराखाली गेला, फिकट झाला, आणि रापणे ही फुरसतीची खूण ठरली. लॉरेआल कंपनीचे संस्थापक रसायनज्ञ यूजेन शुएलर यांनी पगारी रजेच्या कायद्याच्या अगदी आगेमागे ‘आंब्र सोलेर’ हे तेल बाजारात आणले. लाखो नव्या सुट्टीकरांच्या हाती ते पडले आणि त्याचा गुलाब-चमेलीचा वास तेथील एका पिढीच्या बालपणाचा वास होऊन राहिला. त्या तेलाचे काम उन्हास अडविण्यापेक्षा कातडी न जळता रापावी हे होते. पुढे रापणे वेगाने व्हावे म्हणून बर्गामोट या लिंबाच्या जातीचे तेल घातलेली उत्पादनेही निघाली. त्यातील सोरालेन द्रव्ये उन्हाबरोबर मिळून पेशींच्या जनुकद्रव्यास इजा करतात हे उमगल्यावर ती बंद पडली. रापणे ही कातडीने केलेली तक्रार असून सौंदर्याची पावती नव्हे, हे मत त्वचावैद्यांत रूढ होण्यास जवळजवळ अर्धशतक लागले, आणि लोकांच्या मनात ते अद्यापही पुरतेपणी रुजलेले नाही. फ्रेंच कचेरीत सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सहकाऱ्याच्या दंडाचा रंग पाहूनच सुट्टीचे मोजमाप होते.

या सर्व काळात औषधालय कोठे होते? ज्या हिरव्या क्रूसाचे दिवे फ्रान्सच्या प्रत्येक गावात लुकलुकताना दिसतात, त्यामागे एक दीर्घ मक्तेदारी उभी आहे. सोळाव्या लुईच्या १७७७ च्या जाहीरनाम्याने औषधे करणाऱ्यांस किराणा विकणाऱ्यांपासून वेगळे काढले. १८०३ च्या कायद्याने त्यांचे शिक्षण, परीक्षा व अधिकार मुक्रर केले. आणि आजही औषधालयाचा मालक पदवीधर औषधशास्त्रीच असावा लागतो. नव्या दुकानाचा परवाना लोकसंख्या मोजून मिळतो : गावात २५०० माणसे असतील तर पहिले, आणि पुढे ४५०० वाढतील तेव्हा दुसरे. अशा बंदिस्त व्यवस्थेत दुकानदार मालाच्या खपापेक्षा गिऱ्हाइकाच्या विश्वासावर जगतो, निदान जगत असे. आणि कातडीवर लावण्याच्या पदार्थांना अत्तराच्या दुकानातून काढून या विश्वासाच्या फळीवर नेऊन ठेवणे, हे फ्रेंच त्वचालेपांचे खरे व्यापारी चातुर्य होय.

ते ज्यांनी प्रथम मोठ्या प्रमाणावर साधले त्यांत पिएर फाब्र यांचे नाव अग्रभागी येते. दक्षिणेकडील कास्त्र या गावच्या चौकात १९५१ साली त्यांनी एक औषधालय विकत घेतले, आणि एका रानटी झुडपाच्या मुळापासून पायांच्या शिरांसाठी औषध बनवून १९६२ मध्ये प्रयोगशाळा काढली. एकामागून एक औषधालयी नाममुद्रा ताब्यात घेत घेत १९९० साली आव्हेनच्या झऱ्याचे पाणी त्यांनी डबीत भरून बाजारात उभे केले. हा झरा एरो प्रांतातील एका दरीत आहे, व १७३६ साली एका सरदाराचा खरजेने बेजार झालेला घोडा त्यात डुंबून बरा झाला अशी त्याची आख्यायिका सांगतात. पश्चिमेकडील ला रोश-पोझे या दुसऱ्या झऱ्याचीही आख्यायिका नेमकी घोड्याचीच आहे, फक्त घोडा चौदाव्या शतकातील सेनापती द्यु गेक्लॅं यांचा. आपल्या वज्रेश्वरीस कुंडांचा महिमा देवीकडून येतो, तेथे तो तबेल्यातून येतो, एवढाच फरक. आणि या दोन्ही फ्रेंच झऱ्यांचे पाणी कढत नाही, आव्हेनचे जेमतेम २५-२६ अंशांचे आहे, हेही सांगितले पाहिजे. इसब व सोरायसिसचे रोगी तेथे तीन आठवडे राहून १८ दिवस स्नानोपचार घेतात व त्या उपचारांच्या खर्चाचा मोठा भाग सामाजिक विमा उचलतो. म्हणजे झऱ्यावर जाणे हीदेखील तेथे एक प्रकारची सरकारमान्य रजाच आहे.

या परंपरेला वैद्यकीय वजन मिळाले ते पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयामुळे. चौथ्या हेन्रीने साथीच्या रोग्यांसाठी १६०७ साली स्थापिलेले हे रुग्णालय १८०१ पासून त्वचारोगांस वाहिले गेले, आणि तेथील वैद्य आलिबेर यांच्यापासून फ्रेंच त्वचाशास्त्राची शाळाच निर्माण झाली. विकृत त्वचेच्या हजारो मेणाच्या प्रतिमा तेथील संग्रहात आहेत. त्या पाहिल्यावर सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींवरील श्रद्धा काही दिवस तरी डळमळते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात औषधालयाच्या गल्ल्यापुढे जे घडते ते जवळून पाहण्याजोगे आहे. सुट्टीहून आलेली बाई गालांवरचे कोरडे पापुद्रे दाखवते. पांढरा अंगरखा घातलेला औषधशास्त्री कपाटाकडे वळण्यापूर्वी तीन-चार प्रश्न विचारतो, काही गोळ्या चालू आहेत का, खाज आहे का, तोंड कशाने धुता. मग बहुधा तो काय घेऊ नये हे आधी सांगतो : खरखरीत चूर्णे नकोत, आम्लाचे लेप दोन आठवडे नकोत. शेवटी जी नळी पुढे येते तिच्यात ग्लिसरीन, चरबीसदृश स्निग्धे आणि पँथेनॉल यांपलीकडे फारसे काही नसते. कातडी भाजली असेल तर ‘बियाफीन’ निघते, जी जवळजवळ प्रत्येक फ्रेंच घराच्या कपाटात असते. तोंड धुण्यासाठी ‘मिसेलार’ पाणी सुचविले जाते, जे बायोडर्मा कंपनीने १९९५ मध्ये लोकप्रिय केले. त्यातील साबणाचे सौम्य रेणू परस्परांस चिकटून सूक्ष्म गोळ्या होतात व मळ आणि तेल पोटात घेतात. पॅरिसच्या नळाचे पाणी चुनखडीचे असल्याने मिसेलार पाण्यास तेथे विशेष मान आहे. जेथे नळाचे पाणी मऊ आहे तेथे तो मान कशासाठी द्यावयाचा, हा प्रश्न मुंबईच्या गिऱ्हाइकाने स्वतःस विचारावयास हरकत नाही.

या लेपांच्या दाव्यांची छाननी करू गेल्यास, या फळीवरील एकाच वस्तूच्या बाजूने भक्कम पुरावा उभा राहतो, आणि ती वस्तू म्हणजे सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातील नँबूर या गावी काही वर्षे नेमाने रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीवर वार्धक्याच्या खुणा, मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळल्या. परंतु येथे एक ग्यानबाची मेख आहे. डबीवर छापलेला ३० किंवा ५० हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून काढलेला असतो. तेवढा लावावयाचा तर एका प्रौढ अंगास एका वेळी ३० ग्रॅमच्या वर लागतो, आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावयाचा तर चार माणसांच्या कुटुंबाची २०० मिलिलिटरची बाटली दुपारच्या जेवणापर्यंतही टिकू नये. प्रत्यक्षात तीच बाटली पंधरा दिवस किनाऱ्यावर राहून अर्धी भरलेली परत येते, यावरून तिचा आकडा कितपत वापरला गेला हे उघड आहे. ३० आणि ५० यांतील फरक तर ९७ आणि ९८ टक्क्यांचा. लोक त्यावर वाद घालतात आणि लेप मात्र निम्मादेखील लावीत नाहीत.

बाकीच्या दाव्यांचा निकाल थोडक्यात लागतो. झऱ्याच्या पाण्याचा फवारा शांत वाटतो हे खरे, पण तो चेहऱ्यावर तसाच वाळू दिल्यास जाताना कातडीचा ओलावाही थोडा घेऊन जातो, म्हणून तो टिपून घ्यावा लागतो. रंग टिकविण्याच्या गाजररंजकाच्या, म्हणजे बीटा-कॅरोटिनच्या, गोळ्यांनी कातडीस पिवळसर झाक येते, संरक्षण मिळत नाही. आणि धूम्रपान करणाऱ्यांनी त्या टाळाव्यात, कारण बीटा-कॅरोटिनच्या मोठ्या मात्रेने अशा लोकांत फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे फिनलंडमधील संशोधनाने १९९४ सालीच दाखवून दिले आहे. उन्हाळ्यात ‘जड पाय’ होणे ही तर एक खास फ्रेंच व्याधी आहे, जिच्यावरील औषधांची भरपाई देणे विम्याने २००८ पासून बंद केले, तरी गिऱ्हाइकांचे पाय हलके झाल्याचे ऐकिवात नाही. मुरमांची गोष्ट मात्र खरी आहे : उन्हाने ते जुलैत दबल्यासारखे दिसतात, वरची कातडी जाड होते, छिद्रे आतून बुजतात, आणि सप्टेंबरात ते व्याजासह परत येतात.

या विश्वासाच्या फळीवर बाजाराचा डोळा पडणार हे ठरलेलेच होते. स्पर्धामंडळाने १९८७ साली औषधालयांची त्वचालेपांवरील मक्तेदारी अवैध ठरविली, आणि १९८८ मध्ये लक्लेर या किराणा-साखळीने पदवीधर औषधशास्त्री नेमून आपल्या बाजारांत स्वतंत्र विभाग उघडला. ज्या किराणावाल्यास लुईने १७७७ साली उंबऱ्याबाहेर काढले होते, तो दोन शतकांनी मागील दाराने आत आला. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने, इंटरनेटवरील विक्रीस पिएर फाब्र कंपनीने सरसकट घातलेली बंदीही मोडीत काढली. माल स्वस्त झाला यात शंका नाही. परंतु ते तीन-चार प्रश्न विचारणारा माणूस व्यवहारातून गळाला, आणि माझ्या मते त्या नळीच्या किमतीत जी काही फ्रेंच गुणवत्ता होती तिचा बराचसा भाग त्या प्रश्नांत होता. आज हीच नळी पुण्यातील दुकानातही मिळते. नळी म्हणून ती चांगलीच आहे.

राहता राहिले परतणे. सुट्टीने मिळालेले स्वास्थ्य कामावर रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच ओसरते, असे या विषयाचा अभ्यास करणाऱ्या डच मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. आणि कातडीचा वरचा थर सुमारे महिन्याभरात पालटत असल्याने रंगही त्याच सुमारास उतरतो. तरीही फ्रेंच माणसाचे परतणे इतरांहून सुसह्य दिसते, याचे कारण तो एकटा परतत नाही. शाळा, रंगभूमी, प्रकाशनाचा हंगाम, पाववाला, सगळे साधारण एकाच सुमारास परत सुरू होतात, त्यामुळे साचून राहिलेल्या कामाचा डोंगर त्याच्या एकट्याच्या मेजावर नसतो. त्याच्या गैरहजेरीत त्यास पत्रे धाडणारेही गैरहजर होते. ५० हून अधिक नोकर असलेल्या आस्थापनांनी कामाच्या वेळेबाहेर संदेशयंत्र बंद ठेवण्याच्या हक्काविषयी नोकरांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्यात, असा दंडक २०१७ पासून आणखी जोडला गेला आहे. त्याचे पालन कितपत होते याविषयी तेथील नोकरवर्ग उपरोधानेच बोलतो, पण तक्रार करावयास कायदा हाताशी असणे हेही थोडे नव्हे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत औषधालयाच्या दर्शनी कपाटातून सनस्क्रीनच्या उरलेल्या बाटल्या हटवून तेथे उवांची औषधे व बारीक दातांच्या फण्या मांडल्या जातात, कारण शाळा उघडलेल्या असतात. मागोमाग केस गळण्यावरील गोळ्या येतात, आणि ऑक्टोबरात फ्लूच्या लशीची पाटी लागते. तोवर ऑक्टोबरअखेरच्या दोन आठवड्यांच्या शालेय सुट्टीसाठी कचेरीत रजेचे अर्ज पडू लागलेले असतात.